पोटावरचे निळे कडे

लिहिणारा कोण आणि कशासाठी

आमगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारात, फाटकातून शिरताच डाव्या हाताला, टिनाच्या छपराखाली माझे टेबल आहे. लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. फेरफार, वारसान, निराधारांचे अनुदान, बांधाचा तंटा, विषय कोणताही असो, माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आल्याचे मला स्मरत नाही. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि वकिलीची पदवी घेतलेले तरुणही आपला मसुदा एकवार माझ्या नजरेखालून घालून घेतात, हे येथे नमूद करणे मी आवश्यक समजतो. पुढील मजकूर कोणा ऐऱ्यागैऱ्याने ऐकीव माहितीवरून लिहिलेला नाही, याची वाचकांना खात्री असावी.

माझी एकुलती एक मुलगी गुंजन, वय सहा वर्षे, लग्नानंतर फार उशिरा आमच्या पदरात पडली. गेल्या पोळ्याला ती पायाने रेटायच्या स्कूटरवरून पडली आणि त्यानंतर आम्ही जे दिवस काढले, त्यांचे हे कथन आहे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि तशी स्कूटर आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावे. ज्यांचे मूल आज दवाखान्यात तोंडाला कुलूप लावून पडले आहे, त्यांनी तर वाचावेच.

तान्हा पोळा

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात आणि तोरण तुटले की घरोघर नेऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे नंदीच्या नावाने मुलांच्या हातावर पडणारा खाऊ.

गुंजनला लाकडी नंदी नको होता. राखीच्या वेळी तिचा मामा हेमराज याने गोंदियाच्या बाजारातून तिच्यासाठी स्कूटर आणली होती. पुढे दोन चाके, मागे एक, मध्ये उभा दांडा आणि आडवे हँडल. तीच माझा बैल, असे तिने घरात जाहीर केले. हेमराज हा माझा साळा, माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. धानाची शेती करतो आणि बैल सजवण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा नाही. त्याने स्कूटरच्या दांड्यावर झूल चढवली, घुंगरू बांधले, बेगडाचे डोळे चिकटवले. हँडलाची दोन टोके ही शिंगे ठरली. शिंगांच्या टोकांना पितळी टोपणे, म्हणजे शेंब्या, हव्यात; परंतु हँडलाच्या रबरी मुठींवर शेंब्या बसेनात. म्हणून त्याने दोन्ही मुठी ओढून काढल्या आणि उघड्या नळीवर शेंब्या ठोकल्या. मी शेजारी खुर्ची टाकून हे सारे पाहत होतो आणि सूचना देत होतो.

मोहल्ल्याच्या मंडळींनी स्कूटर पाहून हरकत घेतली. मी त्यांना विचारले, नंदी लाकडाचाच असावा असा ठराव कोणत्या सभेत झाला? शिंगे आहेत, झूल आहे, आता नकार कशाच्या आधारे? एका म्हाताऱ्याने हात जोडले.

"साहेब, तुमच्यासमोर कोर्ट हारते, आमी कोन? पन नंदीले दोर पायजे. बिना दोराचा नंदी आमी उभा नाही करू देत."

ही अट वाजवी होती. हेमराजने उभ्या दांड्याला रंगीत सुताचा दोर बांधला. गुंजन त्या दोराने आपला बैल ओढत तोरणाखाली उभी राहिली, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या आईने, सुनीताने, तेथल्या तेथे बोटाने आपल्या डोळ्यातले काजळ काढून पोरीच्या कानामागे लावले. इतके डोळे एकाच वेळी पोरीवर खिळलेले तिला आवडले नव्हते.

पडणे

तोरण तुटले आणि मुले बोजाऱ्यासाठी धावली. मंदिरापासून आमच्या गल्लीकडे सिमेंटचा रस्ता उतरता आहे. सर्वांच्या पुढे जाण्याच्या घाईत गुंजनने दोर हँडलावर टाकला, एक पाय स्कूटरवर ठेवला आणि दुसऱ्याने रेटा दिला. वाटेत एका बाजूची शेंबी गळून पडली. ती नंतर नालीजवळ सापडली. मग दोर सुटून पुढच्या एका चाकात गेला. चाक जागच्या जागी थांबले, हँडल गर्रकन फिरले, आणि ती ज्या नळीवरची शेंबी गळाली होती, नेमक्या त्याच नळीच्या टोकावर पोटाने आपटली.

रक्त आले नाही. गुडघा किंचित खरचटला. ती रडली, मग उभी राहिली, मग तिने आपला बोजारा मागितला. घरी आणून सुनीताने फ्रॉक वर केला. बेंबीच्या थोडे वर, उजवीकडे, एक गोल खूण उमटली होती. मधोमध कातडी गोरी आणि भोवती लाल कडे, जसे कोणी ओल्या मातीवर नळी दाबून उचलावी. सुनीताने हळद-तेल लावले. गुंजन खेळायला गेली. घरोघरच्या करंज्या, लाडू, शेव, जे मिळाले ते तिने खाल्ले आणि आम्ही खाऊ दिले.

त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणीही काळजीत नव्हते. आता मागे वळून पाहताना मला त्याच संध्याकाळची सर्वाधिक भीती वाटते.

नजर

दुसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. बोजारा बाधला, असे आम्ही म्हटले. पुन्हा झाली. सुनीता म्हणाली की साऱ्या मोहल्ल्याने पोरीवर डोळे टाकले, ही नजर आहे. तिने मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. मिरचीचा ठसका आला नाही, तेव्हा तिचा संशय पक्का झाला. नजर लागलेली असली की ठसका येत नाही, असे आमच्याकडे मानतात. गावातल्या डॉक्टरांकडून मी उलटीचे औषध आणले. त्यांना मी सणाचा, तेलकट खाण्याचा सविस्तर वृत्तांत सांगितला. पडण्याचा विषय निघाला नाही. तो आम्हांपैकी कोणाच्याही मनात नव्हता.

त्यानंतर पोरगी हळूहळू शांत होत गेली. पोट धरून रडत नव्हती. अंगणातली मुले हाका मारत, ती उंबऱ्यावर बसून नुसती पाहत राही. पाणी दिले की घोटभर घेई आणि थोड्या वेळाने ते सारेच्या सारे परत येई. मग एका उलटीचा रंग हिरवा आला, उकडलेल्या पालेभाजीच्या पाण्यासारखा गडद हिरवा. तो फरशीवर पसरताना पाहून सुनीता उठली. तिने पदर खोचला आणि पोरीला उचलले. हेमराजने शेजारची गाडी मागून आणली आणि आम्ही गोंदियाला निघालो.

निदान

गोंदियाच्या मोठ्या रुग्णालयात मुलांच्या शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एक तरुण बाई होत्या. मी हात जोडून, व्यवस्थित क्रमाने हकीकत सांगू लागलो. पोळ्यापासून आरंभ केला. बाईंनी थोडा वेळ ऐकले.

"काकाजी, ये खाने का सब रहने दो," त्या म्हणाल्या. "पोटाला कधी काही लागलं का, एवढंच सांगा."

मी उत्तर देण्याआधीच त्यांनी फ्रॉक वर केला होता. लाल कडे आता निळे झाले होते. बाईंनी त्याला हात लावला नाही. नुसत्या वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "सायकल की स्कूटर?"

ज्या गोष्टीसाठी माझ्याजवळ तोवर वाक्य नव्हते, ती एका खुणेवरून त्यांनी वाचली. पुढे पोटाच्या आतली छायाचित्रे काढली, तपासण्या झाल्या. जठरातून अन्न जेथे आतड्यात उतरते, त्या ठिकाणी आतड्याच्या भिंतीत रक्त साकळले होते. हँडल आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये ते आतडे चिरडले गेले होते. वाट बंद झाली होती. सुदैवाने आतडे फाटलेले दिसत नव्हते. फाटले असेल तर येत्या काळात कळेल, असे बाई म्हणाल्या. हे 'कळेल' क्रियापद मी आयुष्यात शेकडो अर्जांत लिहिले असेन. त्याचे वजन मला त्या दिवशी समजले.

उपचार काय, असे विचारले. उपचार वाट पाहणे हा होता. नाकातून पोटात नळी, हातातून सलाईन, आणि तोंडाने काहीही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. साकळलेले रक्त आपोआप विरघळले तर वाट उघडेल. न उघडल्यास, किंवा ताप चढल्यास, किंवा पोट कडक झाल्यास नागपूर आणि ऑपरेशन.

वार्ड

यानंतरचे आमचे जीवन नळीच्या टोकाला बांधलेल्या पिशवीभोवती फिरू लागले. पिशवीत हिरवे पाणी साठे. सिस्टर ते मोजून ओतत, आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असू. हिरवे कमी होत गेले पाहिजे, ते होत नव्हते. सकाळी बाई येत, पोटावर तळहात ठेवत आणि डोळे छताकडे नेत. त्यांचा हात पोटावर असेपर्यंत सुनीता श्वास घेत नसे.

नळीपेक्षाही कठीण होती ती तहान. पहिल्या दिवशी गुंजन रडून पाणी मागे. नंतर ती युक्तिवाद करू लागली. शेवटी माझीच मुलगी ती.

"बाबा, तुमी साऱ्याईचे अर्ज लिवून देता. माया एक लिवून द्या ना डॉक्टरले."

"काय लिहू?"

"पान्याचा."

मी तिच्या उशाशी बसून तोंडी मजकूर सांगितला. अर्जदार गुंजन, राहणार आमगाव, सविनय सादर करते की अर्जदारास तहान लागलेली असून एक पेला पाणी मंजूर व्हावे. ती मधेच म्हणाली, पेला लहान लिहा, मोठा लिहिला तर देणार नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा तिने तो अर्ज स्वतः म्हणून दाखवला. बाई तिच्या पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अभी नहीं, बेटा. अर्ज माझ्याजवळ ठेवते." माझ्या व्यवसायात 'अर्ज ठेवला' याचा अर्थ काय असतो, हे मला ठाऊक आहे. मी तिला तो सांगितला नाही.

शेजारच्या पलंगावर सालेकसाकडच्या जंगलपट्टीतली एक बाई आपल्या न्यूमोनिया झालेल्या मुलाजवळ होती. आमच्याशी मोजके बोलत असे. वार्डात जेवणाचे डबे उघडले की भाजीचा वास पसरे आणि गुंजनच्या नाकातली नळी हलू लागे. हे त्या बाईने पाहिले. तेव्हापासून ती आपली भाकर घेऊन बाहेर व्हरांड्यात जाऊन बसे. हळूहळू इतर पलंगांवरचे लोकही आपले डबे उचलून तिच्या मागोमाग जाऊ लागले. मी आभार मानायला गेलो, तर तिने मान फिरवली.

"पोरीच्या समोर घास कसा उतरन, भाऊ?" एवढेच ती म्हणाली.

दोष कोणाचा

हेमराज रोज आमगावहून येई आणि फाटकाशी उभा राही. सुनीताने त्याला वार्डात यायला मनाई केली होती. मुठी त्याने काढल्या, दोर त्याने बांधला, स्कूटर त्याने आणली. मी त्याची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला.

"तुमी बोलूच नका," ती म्हणाली. "साऱ्या गावासंग भांडून त्या लोखंडाले बैल केलं कोन? खुर्ची टाकून बसले होते ना तुमी? मंग तवा मुठी काऊन नाही दिसल्या?"

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. संताप आला की मी मनात तक्रार लिहितो. ती माझी सवय आहे. स्कूटर विकणाऱ्या दुकानाविरुद्ध, बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध, उतारावर सिमेंट ओतणाऱ्याविरुद्ध मी मसुदा जुळवू लागलो. दुकानदाराने तर रबरी मुठींसह माल दिला होता. गैरअर्जदार म्हणून कोणाचे नाव घालावे, तेथे मी अडखळलो आणि तो मसुदा पूर्ण झाला नाही. खाली फाटकाशी हेमराज पोरीसाठी आणलेली चित्रांची पाटी छातीशी धरून उभा होता.

चूळ

ओठ फुटू लागले म्हणून बाईंनी चूळ भरण्याची परवानगी दिली. पाणी तोंडात घोळवायचे आणि भांड्यात थुंकायचे. गुंजनने ते इतक्या आज्ञाधारकपणे केले की सिस्टरांनी शाबासकी दिली. मी जवळ होतो. तिने पुन्हा चूळ मागितली, पाणी घोळवले, माझ्याकडे पाहिले, आणि तिचा गळा हलला. भांड्यात जे पडले ते नुसती थुंकी होती.

मी सिस्टरांना सांगितले. नळी होती तरी तिला उमासा आला, पिशवी पुन्हा गडद हिरवी भरली आणि थोड्याच वेळात अंग गरम लागले. बाईंनी पोट दाबून पाहिले, पुन्हा दाबून पाहिले आणि नागपूरला फोन लावला. चूळ बंद झाली. ताप त्या पाण्याचा नसावा, असे त्या आम्हाला म्हणाल्या. मग कशाचा, ते त्यांनी सांगितले नाही.

गुंजनने मला जवळ बोलावले.

"तुमी सांगतलं काऊन, बाबा?"

तिने भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर तिने पाणी मागितले नाही, खाऊ मागितला नाही, अर्ज म्हटला नाही. वार्डातल्या लोकांना वाटले, पोरगी शहाणी झाली. सुनीताला आणि मला त्या शहाणपणाची दहशत बसली. पोर हट्ट करत होते तोवर ते आमच्याकडे होते. आता त्याचे डोळे भिंतीवर आणि हात पालथा पडलेला. नागपूरला कोणत्या गाडीने न्यायचे, सोबत कोण येणार, याची चर्चा आम्ही तिच्या देखतच करू लागलो, आणि तिने एकदाही आमच्याकडे वळून पाहिले नाही.

इतर पालकांस

येथे थांबून, जे सांगण्यासाठी मी लेखणी उचलली, ते सांगतो. स्कूटर वाईट नाही. मूल आणि जमीन यांच्यामध्ये आपण नसणे वाईट आहे. लहान मुलाला ती सपाट अंगणात किंवा शाळेच्या पटांगणात शिकवावी, जेथे गाडी येत नाही आणि उतार नाही. आपण शेजारून चालावे. तोल गेला तर मुलाला काखेखाली धरावे, हँडल धरू नये. हँडल धरले की ते वळते आणि मूल त्यावर येते. डोक्याला हेल्मेट, पायात बंद बूट. चालवण्याआधी थांबणे शिकवावे, मागच्या चाकावरच्या पट्टीवर टाच दाबून, पुन्हा पुन्हा, ते खेळ समजेपर्यंत. पडायची वेळ आलीच तर स्कूटर सोडून द्यायची, हेही शिकवावे. मुले वस्तू वाचवायला जातात आणि तिच्यावरच पडतात.

हँडलाच्या टोकांवर रबरी मुठी शाबूत आहेत काय, हे वेळोवेळी बोटाने तपासावे. रबर फाटून नळी बाहेर आली असेल तर नवे बसेपर्यंत स्कूटर कोठीत टाकावी. हँडलाला दोर, ओढणी, फुगा, पिशवी, काहीही लटकवू नये. सणाला तर मुळीच नाही.

आणि पोटाला हँडल लागलेच, तर मूल खेळत आहे म्हणून निश्चिंत राहू नये. रक्त नाही, हाड मोडले नाही, याला पुरावा मानू नये. पोटावर गोल खूण दिसली की काही खाऊ न घालता डॉक्टरांकडे न्यावे, आणि तोंडातून पहिले वाक्य निघावे ते एवढेच: हँडल पोटात लागले आहे. बाकी वृत्तांत नंतर सांगता येतो.

चमचा

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. का चढला आणि का उतरला, हे बाईंनाही सांगता आले नाही. नागपूरला नेणे त्यांनी एका दिवसाने पुढे ढकलले, मग आणखी एका दिवसाने. पिशवीतला हिरवा फिका पडू लागला. एका सकाळी पिशवीत जवळजवळ स्वच्छ पाणी होते. सिस्टरांनी ते खिडकीकडे धरून पाहिले आणि बाईंना बोलावून आणले.

नळीला चिमटा लावून ठेवला. पोट फुगले नाही. मग नळी काढली. बाई म्हणाल्या, आज चमचाभर पाणी देऊन पाहू. राहिले तर बरे. परत आले तर आजच नागपूर. गाडी त्यांनी सांगून ठेवली होती.

सुनीता माझ्याकडे वळली. "हेमराजले आत बोलवा," ती म्हणाली. मी कारण विचारले नाही. पाणी परत आलेच तर नागपूरला नेण्याआधी त्याने पोरीला पाहून घ्यावे, असे तिच्या मनात आले असावे. तो आला आणि पलंगापासून अंतर ठेवून उभा राहिला. शेजारची सालेकसाची बाई आपल्या मुलाला कुशीत घेऊन उठून बसली.

बाईंनी चमचा गुंजनच्या ओठाला लावला. तिने तोंड उघडले, पण मागणाऱ्या मुलासारखे नाही, औषध घेणाऱ्यासारखे. पाणी गेले. सुनीताने तिच्या हनुवटीखाली स्टीलचे भांडे धरले. आम्ही सारे त्या भांड्याकडे पाहत होतो. एकदा तिच्या गळ्यात काहीतरी हलले आणि सुनीताने भांडे आणखी वर नेले. काही आले नाही. बाईंनी दुसरा चमचा दिला, बराच वेळ थांबून तिसरा. पोटावर स्टेथोस्कोप टेकवून त्या ऐकत बसल्या. त्यांचे डोळे या वेळी छताकडे नव्हते, पोरीकडे होते.

गुंजन आईकडे वळली. किती दिवसांनी वळली होती.

"आई, मले भूक लागून राहिली," ती म्हणाली. आणि उत्तर यायच्या आत म्हणाली, "लय लागून राहिली."

बाई उठल्या. आता वाट उघडली असे समजायला हरकत नाही, तरी आजचा दिवस लक्ष ठेवा, असे म्हणून त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. गुंजन चमच्याचमच्याने पाणी पीत राहिली, मग झोपली. सुनीता मात्र तशीच बसून होती, भांडे झोपलेल्या पोरीच्या हनुवटीखाली. मी दोनदा म्हणालो, खाली ठेव. तिने ऐकले नाही. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेले तेव्हा हेमराज पुढे आला आणि त्याने ते भांडे बहिणीच्या हातातून हळूच सोडवून घेतले. तिने घेऊ दिले. तिची बोटे मात्र तशीच वाकलेली राहिली. ती सरळ होईनात. तेव्हा त्याने तिथेच खाली बसून, एकेक करून, ती चोळायला सुरुवात केली.